मागच्या पानावरचा हिशेब

परवा रात्री पहिलं हिव पडलं.
सकाळी घेवडा काळा पडून काठ्यांवर लोंबत होता,
ओल्या चिंध्यांसारखा.
बरं झालं, अल्बान म्हणाला, एक काम कमी झालं.
पाठीत चमक भरल्यापासून
त्याला पुष्कळच गोष्टी बऱ्या वाटू लागल्यात.

उरलंय ते जमिनीखालचं : गाजरं, बीट,
शिवाय लीकच्या दोन ओळी,
आणि लसूण लावायचा, माती दगड व्हायच्या आत.
फंडीच्या खाडीवरून वारा येतो
तो दार न वाजवता बाहीत शिरतो.

यंदा कोण कोण जेवून गेलं ते मी
बियाण्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय.
मे : ग्राउंडहॉग. ब्रोकोलीची साठ रोपं, एका दुपारी.
जून : तोच.
जुलै : हरिणी, दोन पाडसं. लेट्यूस.
(कुंपण साडेसहा फूट. पाडसं कशी आली?)
ऑगस्ट : रकून. मका.
उद्या तोडू या, असं आम्ही ठरवलं
त्याच रात्री.
स्वयंपाकघरात बोललेलं त्यांना कोण सांगतं, देव जाणे.
साळिंदराने पिकाला तोंडच लावलं नाही,
फावड्याचा दांडा खाल्ला,
माझ्या तळहातांचं मीठ मुरलं होतं तेवढाच.

सप्टेंबरात अल्बानने पिंजरा लावला,
आत खरबुजाची फोड, ग्राउंडहॉगसाठी.
सकाळी पिंजऱ्यात स्कंक.
शेपटी वर, पाठ आमच्याकडे.
अंतरपाट धरावा तशी जुनी चादर पुढे धरून
अल्बान एकेक पाऊल टाकत गेला,
तोंडाने काहीतरी गोड बोलत;
माझ्याशी तो असं बोलल्याला वर्षं झाली.
दार उघडलं.
चादर जरा आखूड पडली.
अल्बान तीन रात्री ट्रॅक्टरच्या शेडमध्ये झोपला.

मग बीट.
पाला असा की नजर लागावी,
हिरवागार, लाल शिरांचा, ताठ.
ओढला तर हातात नुसता पाला.
खाली कंदाची वाटी,
आतून चाटूनपुसून स्वच्छ.
शेतउंदीर. वरून काही कळू देत नाहीत.
साठ फुटी वाफ्यात एकतीस वाट्या मोजल्या,
मग मोजायचं सोडून दिलं.
अर्धवट कुरतडलेली मी वेगळी काढली, लोणच्याला.
शनिवारच्या बाजारात कोमोबाईंनी
नेमकी तीच टोपली ओढली.
दातांच्या बारीक जोडरेघांवरून अंगठा फिरवला
आणि म्हणाल्या, उगाच कोण खातं?
अर्ध्या किमतीत घेऊन गेल्या.

आज लसूण.
गड्डे फोडून पाकळ्या बादलीत,
टोक वर, वीतभर अंतर, वर पेंढा.
लसणाला उंदीर शिवत नाहीत म्हणतात.
म्हणतात.
चौथ्या ओळीशी खुरपं लावलं तर माती पोकळ,
आणि पोकळीत लाल लोकर.
माझा उजव्या हाताचा मोजा,
एप्रिलात हरवलेला, ज्याच्यावरून मी
शाळेतून सुट्टीला आलेल्या फेलिक्सला दोनदा बोलले.
पिंजून पिंजून मऊ केलेला,
अंगठ्याची शिवण तेवढी शाबूत.
आत पाच, वालाच्या दाण्याएवढी,
डोळे न उघडलेली.
इतक्या उशिरा. या थंडीत.

खुरपं हातात होतं.
मांजर घरात चुलीपाशी.
अल्बानने बांधावरून विचारलं, काय झालं?
दगड, मी म्हटलं.
मातीचं ढेकूळ होतं तिथे परत ठेवलं.
दया वगैरे नाही;
उजेड जात होता आणि अजून दोन ओळी राहिल्या होत्या.
त्या एवढ्या जागेत
चार पाकळ्या कमी लावल्या.

रात्री वही काढली.
ऑक्टोबर : शेतउंदीर. बीट, एकतीस, जास्तच.
हातमोजा, एक.
डावा अजून दाराच्या खुंटीला आहे.